नागपुरात ॲग्लोनिमा: सावली सरकते, कुंडीही सरकवा

मे महिन्यात पेंचच्या किंवा उमरेडच्या जंगलात जाऊन आलेल्या माणसाला सांगावं लागत नाही की तिथे तेव्हा सावली नसते. साग पानं गाळून उभा असतो, खाली वाळल्या पानांचा पापडासारखा थर, आणि ऊन थेट जमिनीवर. आपलं जंगल पानगळीचं. सावलीची खरी गरज असते तेव्हाच ते सावली काढून घेतं. ॲग्लोनिमा, म्हणजे शोभेच्या पानांसाठी घरात कुंडीत ठेवतात ते झाड, ज्या रानातून आला ते याच्या नेमकं उलट. फिलिपिन्स, इंडोनेशिया, थायलंड, आणि आपल्या देशात आसाम-दार्जिलिंगच्या बाजूचं ओलं, सदाहरित जंगल. उंच झाडांच्या दोन-तीन मजल्यांखाली, कुजक्या पानांच्या भुसभुशीत थरात हा वाढतो. बारा महिने सावली, बारा महिने दमट हवा, आणि कडाक्याची थंडी कधीच नाही.

असं झाड आपण आणून नागपुरात ठेवतो, जिथे २३ मे २०१३ला पारा ४७.९ अंशांवर गेला होता आणि २९ डिसेंबर २०१८च्या पहाटे ३.५ अंशांवर उतरला होता. तरीही ते जगतं. माझ्याकडे आज सतरा कुंड्या आहेत, त्यातली सर्वांत जुनी नऊ वर्षांची. पण त्याआधी चार मेल्या, आणि त्या चारही मी रोपवाटिकेतल्या सल्ल्यावर विसंबून मारल्या. "ताई, याले काही लागत नाही. सावलीत ठेवा, पाणी कमी द्या, बस्स!" सल्ला खोटा नव्हता, अर्धा होता. सावली कुठल्या महिन्यातली? पाणी कमी म्हणजे कशापेक्षा कमी? नागपुरातली सावली वर्षातून तीनदा आपली जागा बदलते, आणि कुंडी तिच्या मागोमाग हलली नाही तर झाड एप्रिलमध्ये करपतं, नाहीतर जानेवारीत काळं पडतं. या लेखातला मोठा भाग त्या तीन हलवाहलवींबद्दलच आहे.

आधी विषाचं

ॲग्लोनिमा हा अळूच्या कुळातला. आपल्या भाषेत सांगायचं तर धोप्याचा भाऊ. धोप्याच्या वड्या करताना चिंच कमी पडली किंवा पान नीट शिजलं नाही तर घशात जी खवखव होते, तेच याचं विष. पानांत, देठांत, खोडात आणि फळांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात. चावलं की त्या सुया जिभेत, ओठांत, घशाच्या आतल्या नाजूक कातडीत घुसतात. धोप्याला आपण शिजवून आणि आंबट घालून ताब्यात ठेवतो. ॲग्लोनिमा मात्र कुठल्याही रूपात खायचा नाही.

मोठी माणसं पानं चावत नाहीत. प्रश्न फळांचा आहे. झाड जुनं आणि खुशीत असलं की त्याला बोराएवढी लांबट फळं लागतात. आधी हिरवी, मग पिवळट, शेवटी अशी लालभडक आणि चकचकीत की लहान मुलाला ती गोळीच वाटावी. आमच्याकडे नेमकं तेच झालं. भाचीची तीन वर्षांची पोट्टी गॅलरीत खेळत होती. फळ तोडलं, चावलं, आणि लगेच थुंकून किंचाळायला लागली. ओठ सुजला, लाळ गळू लागली. भाची माझ्याकडे ज्या नजरेने पाहत होती ती मी विसरणार नाही. तोंड पुसलं, चुळा भरायला लावल्या, थंड दही चाटवलं आणि डॉक्टरांकडे नेलं. संध्याकाळपर्यंत ती पुन्हा गॅलरीतच होती, पण तोवर मी सगळ्या कुंड्या वरच्या फळीवर चढवल्या होत्या.

असं झालं तर करायचं काय? तोंडात राहिलेला चोथा ओल्या कपड्याने पुसून काढा. पाण्याने चुळा भरायला लावा, मग थंड दूध, दही किंवा बर्फाचा तुकडा चोखायला द्या. उलटी मात्र करवू नका. ज्या सुया एकदा घशातून गेल्या त्या परत वर कशाला आणायच्या? बहुतेक वेळा दुखणं काही तासांत ओसरतं. पण जीभ किंवा गळा सुजत असेल, गिळता येत नसेल, आवाज बसला असेल किंवा श्वास घेताना घरघर होत असेल, तर घरगुती उपायात एक मिनिटही न घालवता जवळचा दवाखाना गाठा, नाहीतर १०८ला फोन करून मेडिकल किंवा मेयो या नागपुरातल्या सरकारी रुग्णालयांची कॅज्युअल्टी. झाडाची एक फांदी पिशवीत घालून सोबत न्या, म्हणजे डॉक्टरांना ओळख पटवायला वेळ लागत नाही. चीक डोळ्यात गेला तर डोळा न चोळता पंधरा मिनिटं स्वच्छ पाण्याने धूत राहा आणि मग डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर त्यांनाही हेच विष बाधतं. मांजरांना पानांची टोकं कुरतडायची सवय असते.

एवढं वाचून झाड नकोच वाटत असेल तर एक तुलना ऐका. नागपुरात ज्या घरासमोर पिवळी कण्हेर आहे, तिथे तिच्या बिया हृदयाची गती बिघडवून जीव घेऊ शकतात. कुंपणावरची गुंज तर त्याहून वाईट. ते लाल-काळं बी फोडून चावलं तर मोठ्या माणसाचंही खरं नाही. ॲग्लोनिमाचं विष लगेच झोंबतं, म्हणून कोणी दुसरं फळ खायला धजत नाही. घाबरायचं नाही, पण रांगतं बाळ असेल त्या घरात कुंडी जमिनीवर ठेवायची नाही आणि फूल दिसताच कापून टाकायचं. फूलच नाही तर फळ कुठलं?

रोप घेताना

खरेदीचा काळ जुलै ते सप्टेंबर. मे महिन्यात आणि जानेवारीत घेऊ नका. आपल्याकडच्या रोपवाटिकांत येणारी बरीच रोपं बाहेरून येतात, कितीतरी आंध्रातल्या कडियमच्या बाजूने. तिथली दमट हवा, ग्रीन नेटची सावली आणि मग ट्रकचा प्रवास सोसून आलेल्या झाडाला उतरताक्षणी नागपूरचा मे दाखवणं म्हणजे शिक्षा आहे.

जाती शेकड्याने आहेत, पण घेणाऱ्याच्या दृष्टीने दोनच गट. हिरव्या-रुपेरी पानांचा गट, म्हणजे सिल्व्हर क्वीन, मारिया वगैरे. हे कमी उजेडात चालवून घेतात, आणि यातली मारिया थोडी थंडीही सोसते. दुसरा गट लाल-गुलाबी पानांचा, ज्यातल्या एकाला सगळे माळी लिपस्टिक म्हणतात. या रंगीत जाती माणसाने संकर करून आणल्या. इंडोनेशियाचे ग्रेगरी हंबली यांनी सुमात्रातल्या एका लालसर जातीचा संकर करून 'प्राइड ऑफ सुमात्रा' केला आणि तिथून लाल ॲग्लोनिमांची रांगच लागली. दिसायला देखणे, पण यांना उजेड जास्त लागतो आणि थंडी अजिबात चालत नाही. पहिल्यांदा लावत असाल तर मारिया घ्या. लिपस्टिकचा मोह दुसऱ्या वर्षी करा.

रोप उचलून पानाच्या बेचक्यात बघा. कापसासारखा पांढरा पुंजका दिसला तर तो पिठ्या ढेकूण. कितीही स्वस्त असलं तरी सोडा. खोड बुडाशी दाबून बघा, मऊ लागलं तर आत कुज आहे. आणि एकच उंच दांडा असलेल्या रोपापेक्षा बुडाशी तीन-चार फुटवे असलेलं बुटकं रोप घ्या. एक गोष्ट जाता जाता: 'हवा शुद्ध करतं' या नावाखाली जास्त पैसे देऊ नका. नासाचा १९८९चा तो प्रसिद्ध अभ्यास बंद पेट्यांमध्ये झाला होता, आपल्या दारं-खिडक्या उघड्या असलेल्या घरात नाही. झाड सुंदर आहे, एवढं कारण पुरेसं आहे.

घरी आणल्यावर दहा-पंधरा दिवस त्याच पिशवीत किंवा कुंडीत, बाकी झाडांपासून लांब ठेवा. कीड लपून आली असेल तर तेवढ्यात वर येते.

माती, आणि काळी माती का नाही

विदर्भातल्या माणसाला काळ्या मातीचा अभिमान असतो आणि कपाशीसाठी तो रास्त आहे. कुंडीत मात्र ही माती ओली असताना चिखल होते आणि वाळली की आकसून कुंडीची कड सोडते. मग वरून घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली निघून जातं. आपल्याला वाटतं पाणी भरपूर झालं, आणि मुळं कोरडीच. पावसाळ्यात उलट होतं, पाणी आत कोंडतं आणि मुळं गुदमरतात. याच्या मुळांना मातीपेक्षा पालापाचोळ्याची सवय आहे.

माझं मिश्रण असं: दोन भाग धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग जुनं, वास न येणारं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग भाताचा जळका तूस आणि अर्धा भाग जाडी रेती. तूस भंडारा-गोंदियाकडच्या भातगिरणीतून पोतंभर मिळून जातो. परलाइटपेक्षा कितीतरी स्वस्त पडतो आणि काम जवळपास तेच करतो. तूस मिळालाच नाही तर चुलीच्या लाकडी कोळशाचे वाटाण्याएवढे तुकडे. शेवटी मूठभर निंबोळी पेंड. मिश्रण ओलं करून मुठीत दाबलं तर गोळा व्हावा, पण बोटाने टोचताच सुटून पडावा.

कोकोपीट धुऊनच घ्या. त्यात खार असतो. विटेसारखी लादी बादलीत भिजवा, पिळा, पुन्हा भिजवा, पुन्हा पिळा; दोनदा केलं की पुरे.

कुंडी मोठी घ्यायचा मोह आवरा. सहा-आठ इंची पुष्कळ झाली. मोठ्या कुंडीतलं पाणी मुळं पिऊन संपवू शकत नाहीत, आणि ते तिथेच आंबतं. मातीची की प्लास्टिकची, यावर माणसं भांडतात. मी दोन्ही वापरते. रोप भरपूर भोकं असलेल्या साध्या प्लास्टिकच्या कुंडीत, आणि मार्च ते जून ती कुंडी एका मोठ्या मातीच्या कुंडीत ठेवलेली, मधल्या फटीत ओली रेती. माठातलं पाणी जसं थंड राहतं तशी मुळं थंड राहतात. पावसाळा लागला की मातीची कुंडी काढून टाकायची, नाहीतर तळाशी ओल साचते.

तीन जागा

नागपूर साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. २६ मेच्या सुमारास दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि खांबाची सावली खांबाच्याच पायाशी जाते. त्यानंतर जुलैच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडे असतो. म्हणून ज्या उत्तरेच्या खिडकीला आपण 'इथे ऊन येतच नाही' म्हणतो, तिथे जूनमध्ये सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन शिरतं. डिसेंबरात दुपारचा सूर्य दक्षिणेला पार खाली, साधारण ४५ अंशांवर असतो, आणि दक्षिणेच्या गॅलरीतलं ऊन थेट दिवाणखान्यातल्या दिवाणापर्यंत येतं. एकाच घरात, एकाच कोपऱ्यात, सहा महिन्यांच्या अंतराने दोन वेगळी हवामानं असतात.

जागा ठरवायला एक सोपी परीक्षा. दुपारी बाराच्या सुमारास पानाच्या वर फूटभर हात धरा. सावलीची कड सुरीसारखी स्पष्ट असेल तर ऊन जास्त. हाताचा आकार कळतोय पण कड पुसट आहे, तर जागा उत्तम. सावली पडतच नाही तर तिथे हिरवा ॲग्लोनिमा रखडत जगेल आणि लाल पंधरवड्यात फिका पडायला लागेल.

पहिली हलवाहलव होळी झाली की. गॅलरीतल्या सगळ्या कुंड्या आत. पूर्वेच्या किंवा उत्तरेच्या खिडकीपासून तीन-चार फुटांवर, पश्चिमेच्या भिंतीपासून लांब. नागपुरातली पश्चिमेची भिंत रात्री दहालाही हात लावला तर तव्यासारखी लागते. तिला टेकून ठेवलेली कुंडी आतून शिजते. उन्हाळ्यात झाडाचा खरा शत्रू ऊन नसतं, कारण खिडकीपासून इतक्या आत ते फारसं येत नाही. शत्रू कोरडी हवा. मे महिन्यात दुपारी आपल्याकडे हवेतली आर्द्रता २० टक्क्यांच्या खाली जाते, आणि पानांच्या कडा कागदासारख्या कुरकुरीत व्हायला लागतात. सगळ्या कुंड्या एकमेकींना खेटून ठेवा. एकीने सोडलेली ओल दुसरीला मिळते. पसरट ट्रेमध्ये रेती घालून ती ओली ठेवा आणि कुंड्या त्यावर, पण कुंडीचं बूड पाण्यात बुडता कामा नये. पानांवर फवारणी करणारे पुष्कळ आहेत. त्या ओलीचा फायदा दहा मिनिटं टिकतो, आणि नळाचं पाणी असेल तर पानांवर पांढरे ठिपके मात्र मागे राहतात.

आणि कूलर. नागपुरात कूलरशिवाय उन्हाळ्याची गोष्ट पुरी होत नाही. कूलरच्या खोलीत ॲग्लोनिमा खुशीत असतो, कारण त्या खोलीची हवा दमट असते. पण कूलरच्या झोतात नाही. आपल्याकडे खिडकीत कूलर बसवतात, उजेडाची खिडकी तीच, आणि म्हणून कुंडीही नेमकी झोताच्या तोंडाशी येते. चोवीस तास वारा लागलेलं पान फाटतं, कडेने वाळतं. कुंडी कूलरच्या बाजूला, त्याच भिंतीशी, झोताच्या रेषेबाहेर ठेवा. एसीच्या खोलीत हवा उलट आणखी कोरडी होते, तिथे रेतीचा ट्रे ठेवाच.

गॅलरीतून आत न्यायला जागाच नसेल तर ७५ टक्क्यांचं ग्रीन नेट दुहेरी बांधा आणि नवतपाचे, म्हणजे मेअखेरचे सर्वांत कडक, नऊ दिवस तरी कुंड्या न्हाणीघरात नेऊन ठेवा. हसू नका, माझ्या एका मैत्रिणीची झाडं दरवर्षी अशीच वाचतात.

दुसरी हलवाहलव चांगले दोन-तीन पाऊस झाल्यावर, बहुधा जूनच्या शेवटी. आता झाडं गॅलरीत, छपराखाली. पाऊस सरळ कुंडीत पडू नये, पागोळीखाली तर मुळीच नको. रात्रभर पानाच्या बेचक्यात साचलेलं पाणी कोंब कुजवतं. हे चार महिने झाड घरी परतल्यासारखं वागतं. नवी पानं, फुटवे, जे काय व्हायचं ते याच काळात. ऑक्टोबरच्या उन्हाकडे लक्ष ठेवा. पाऊस सरल्यावर आकाश धुतलेलं असतं, ऊन टोचतं आणि सूर्य खाली उतरल्यामुळे गॅलरीत आत आत येत जातो. जुलैत सुरक्षित असलेली फळी दसऱ्याला उन्हात असते.

तिसरी दिवाळीनंतर. रात्रीचं तापमान १५ अंशांच्या खाली जायला लागलं की पुन्हा आत. १२-१३ अंशांच्या खाली याची पानं दुखावतात. दोन-चार दिवसांनी त्यांच्यावर तेलकट, काळपट डाग दिसू लागतात. लोक त्याला बुरशी समजून औषधं मारत बसतात. ती थंडी आहे, आणि गेलेलं पान परत येत नाही. कुंडी थंडगार फरशीवर न ठेवता स्टुलावर ठेवा, रात्री खिडकीच्या काचेपासून दूर. सकाळचं नऊपर्यंतचं कोवळं ऊन थंडीच्या या दिवसांत लाल जातींना मानवतं, द्या.

पाणी कधी, आणि कुठलं

वेळापत्रक बांधू नका. अगरबत्तीची काडी घ्या, मसाला जळून गेल्यावर उरते ती, आणि कुंडीत तीन इंच खोल खुपसून पाच मिनिटांनी काढा. काडीला ओला कण चिकटला तर पाणी नको. काडी कोरडी आली तर खालच्या भोकातून पाणी निघेपर्यंत द्या आणि बशीत साचलेलं ओतून टाका. माझ्या घरात याचा हिशेब साधारण असा निघतो: उन्हाळ्यात तीन-चार दिवसांनी, पावसाळ्यात आठ-दहा दिवसांनी, थंडीत दोन आठवड्यांनी. तुमच्याकडे एखाद-दोन दिवस इकडेतिकडे होईल.

उन्हाळ्यात पान लोंबलं म्हणून लगेच पाणी ओतू नका, आधी काडी घाला. मुळं कुजली की पानं तशीच लोंबतात, कारण कुजलेली मुळं पाणी वर चढवू शकत नाहीत. तहानेने लोंबलेलं पान वाळकं लागतं आणि कुंडी हलकी असते. कुजून लोंबलेल्या झाडाची कुंडी जड असते आणि खालची पानं पिवळी पडत जातात. माझ्या पहिल्या चारांपैकी दोघांना मी असंच बुडवलं. लोंबलं की पाणी, आणखी लोंबलं की आणखी पाणी.

पाण्याची वेळ उन्हाळ्यात पहाटे. दुपारी गच्चीवरच्या टाकीतलं पाणी चहा होईल इतकं तापलेलं असतं आणि पाइपमधून पहिलं येतं ते तर त्याहून गरम. थंडीत उलट, बादली रात्रभर घरात ठेवून मग ते पाणी द्या.

आता कुठलं पाणी. महापालिकेच्या नळाचं चालतं. बोअरचं पाणी जड असेल तर मातीवर पांढरा थर येतो आणि पानांची टोकं तपकिरी होतात. कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी झाडांना घालायची आपल्याकडे जुनी सवय आहे. ती ॲग्लोनिमापुरती तरी सोडा. कूलरमधलं पाणी उडून जातं, खार मागे राहतो, आपण वरून पुन्हा पाणी भरतो आणि टाकीतला खार वाढतच जातो. कूलरच्या गवतावर जो पांढरा चुरा धरतो तो हाच. आरओ यंत्रातून नळीने बाहेर पडणारं पाणीही त्याच कारणाने नको. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी मात्र हवेतली वाफ थंड होऊन झालेलं असतं, त्यात खार नसतो. मी उन्हाळाभर तेच साठवते. पावसाचं मिळालं तर उत्तम. दर दोन-तीन महिन्यांनी कुंडी न्हाणीघरात ठेवून तिच्यातून चांगलं दोन-तीन तांबे साधं पाणी वाहू द्या, साचलेला खार धुऊन जातो.

खत आणि कीड

खताबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. जुलैपासून दसऱ्यापर्यंत, दर तीन आठवड्यांनी, एक लिटर पाण्यात एक ग्रॅम १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं विरघळणारं खत) किंवा त्याऐवजी मूठभर गांडूळखत. थंडीत आणि ऐन उन्हाळ्यात काही नाही. झाड झोपलेलं असताना त्याला जेवण घातलं तर ते मुळांशीच सडतं.

किडी दोनच सतावतात. पिठ्या ढेकूण कापसाच्या बोळ्याने, स्पिरिटमध्ये किंवा हातांच्या सॅनिटायझरमध्ये बुडवून, एकेक पुसून काढायचा. मग आठवड्याने पुन्हा, कारण अंडी राहतात. उन्हाळ्यात लाल कोळी येतो. पान वरून धुरकट, बारीक टिपक्यांचं दिसतं आणि मागच्या बाजूला जाळी. पानं दोन्ही बाजूंनी ओल्या कपड्याने पुसा आणि संध्याकाळी निंबोळी तेल फवारा, लिटरभर पाण्यात पाच मिली तेल आणि ते मिसळावं म्हणून चार थेंब भांड्यांचा साबण. कुंडीभोवती चिलटं घोंघावत असतील तर तो किडीपेक्षा तुमच्या हाताचा दोष आहे. पाणी जास्त होतंय.

कलमं

तीन-चार वर्षांत झाडाची खालची पानं गळून खोड उघडं पडतं आणि ते ताडासारखं दिसायला लागतं. त्याला कापायची हिंमत करा. जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात शेंडा चार-पाच इंच खोडासह कापा, कापलेली जागा सावलीत अर्धा दिवस सुकू द्या आणि ओलसर कोकोपीटमध्ये खोचा. पोळ्यापर्यंत मुळं धरलेली असतात. हळूच ओढून पाहा, अडलं तर धरलं. खालचं बोडकं खोड फेकू नका, महिना-दीड महिन्यात बाजूने फुटवे येतात. फुटवे असलेलं झाड असेल तर कुंडी उलटून, मुळांसह दोन भाग करणं त्याहून सोपं.

हे करताना हातमोजे घाला. चिकाने कातडीला खाज सुटते, आणि तोच हात डोळ्याला लागला तर संध्याकाळ वाया जाते. कात्री स्वयंपाकघरातली नको. झाडांची वेगळी ठेवा आणि काम झालं की साबणाने धुवा.

फूल, फळ, बी

ज्यांच्या घरी लहान मूल नाही त्यांच्यासाठी हा शेवटचा भाग. फूल दिसायला फार काही नाही, धोप्याच्या किंवा सुरणाच्या फुलाची छोटी, फिकट हिरवी आवृत्ती: एक पान गुंडाळल्यासारखं आवरण आणि त्यात उभा दांडा. दांड्याच्या बुडाशी मादीफुलं, वर नरफुलं. गंमत अशी की मादीफुलं आधी तयार होतात आणि नरफुलांचे पराग नंतर सुटतात, म्हणून एकाच फुलावर काम जमत नाही. दोन फुलं एक-दोन दिवसांच्या अंतराने उमललेली असतील तर जुन्या फुलाचा पराग चित्राच्या मऊ ब्रशने नव्या फुलाच्या बुडाशी लावायचा, सकाळी, हवा दमट असताना. पावसाळ्यातच जमतं.

फळ पिकायला पाच-सहा महिने सहज जातात, आणि त्या काळात थंडी मध्ये येते. पावसाळ्यात धरलेली फळं मी घरातल्या सर्वांत उबदार खोलीत ठेवते. पूर्ण लाल झालेलं आणि बोट लावताच सुटणारं फळच घ्यायचं. हातमोजे घालून गर पिळून काढायचा, आत एकच मोठं बी असतं, ते तीन-चार पाण्यांनी धुवायचं. हे बी वाळवून पुडीत ठेवता येत नाही. वाळलं की मेलं. त्याच दिवशी ओलसर कोकोपीटमध्ये अर्धा इंच खाली पेरा, वर काचेचा ग्लास उलटा ठेवा, आणि जागा २५ अंशांच्या वर राहील अशी बघा. गर आणि सालं केराच्या उघड्या डब्यात टाकू नका, कागदात गुंडाळून टाका. संकरित जातीचं बी आईसारखं निघेलच असं नाही; लाल लिपस्टिकच्या बियांतून हिरवंगार रोप येऊ शकतं.

गेल्या फेब्रुवारीत मी नऊ बिया पेरल्या. एप्रिलच्या मध्यापर्यंत पाच उगवल्या, दोन कुजल्या, दोन तशाच पडून होत्या. कूलर सुरू झाल्यावर आठ दिवसांनी त्यातली एक वर आली. सहाही रोपं आता दोन-दोन पानांची आहेत, आणि त्यातल्या एकाच्या मधल्या शिरेवर गुलाबी रेघ दिसायला लागली आहे.